अकरा लिंका आणि सातवी पायरी

कायम केलं का, कायम केलं का, असं सगळ्यांनी एकदम विचारू नका रे. सांगते ना. आधी एक घोट घेऊ दे. आणि तीन वाजले की मला हलवा, एक फोन लावायचाय, विसरायचा नाहीये. आत्ता सव्वादोन झालेत ना? मग होईल सांगून. झालं तर.

तर माझं काम काय ते आधी कळू दे, कारण तुम्हाला कोणालाच माहीत नाही, तुम्ही नुसती मान हलवता. आमच्या घरी तर तीन महिने तोच विषय. आई म्हणते, "शेजारच्या मावशी विचारतात, मुलगी काय करते, मी काय सांगू?" मी म्हटलं, आई, समज आपलं दुकान गल्लीच्या आत आहे, कोणाला दिसत नाही. मग मी गावभर फिरून मोठमोठ्या लोकांच्या दारावर आपली पाटी लावा म्हणून विनवण्या करते. लायब्ररी, कॉलेज, वर्तमानपत्र, असली दारं. त्यांच्या दारावर आपली पाटी दिसली की सर्च इंजिनला वाटतं, अरे, ही माणसं ओळखतात म्हणजे दुकान बरं असणार, आणि ते आपल्याला वर दाखवतं. त्या पाटीला म्हणायचं बॅकलिंक. आई म्हणाली, "आणि ते का लावतील?" मी म्हटलं, तेच तर! तर दादा जेवता जेवता म्हणतो, "ही दिवसभर लोकांना पत्रं लिहिते आणि लोक हिला लिहीत नाहीत. असं हिचं काम."

हसा. पण खरंय.

तीन महिन्यांत दहा लिंका आणायच्या, हे माझ्यासमोर पहिल्याच दिवशी ठेवलेलं. दहा आणल्या तर कायम. आणि कुठल्याही नाही चालत, प्रत्येक साइटला शंभरपैकी मार्क असतात, पन्नासच्या वरचीच हवी. आणि फुकट हवी. विकत मिळतात तशा, पण त्या असल्या भंगार असतात की लावून घेतल्यावर आपणच खाली जातो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे शिलाई मशीनच्या सुया, तेल, बॉबिन विकणारी कंपनी. आता सांगा, कुठलं कॉलेज बॉबिनची पाटी लावून घेईल?

पहिल्या दीड महिन्यात मी तीनशे बारा मेल पाठवले. मोजलेत. म्हणजे मी नाही, आकडेताईनं मोजलेत, माझ्या शेजारी बसते ती, तिला सगळे आकडेताईच म्हणतात, तिच्याकडे भिंतीवर एक तक्ता आहे आणि सगळ्यांच्या लिंका ती स्केचपेननं भरते. तीनशे बारा मेल, उत्तरं चार. एकानं लिहिलं, परत लिहू नका. एकानं लिहिलं, तुम्ही कोण. एकाकडून आपोआप आलं की मी बारा तारखेपर्यंत सुट्टीवर आहे, आणि ती बारा तारीख दोन वर्षांपूर्वीची होती! आणि चौथ्या बाईंनी लिहिलं, "तुम्ही माझं पान नेहमी आवडीनं वाचता हे वाचून बरं वाटलं. त्या पानावर फक्त आमचा पत्ता आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. खरंच. कारण ते 'नेहमी आवडीनं वाचते' हे वाक्य मी तीनशे बारा वेळा पाठवलं होतं. रोज सकाळी खुर्चीत बसायचं, तेच वाक्य, नाव बदल, पाठव. नाव बदल, पाठव. संध्याकाळी घरी जाऊन कोणी काही बोललं तरी वाटायचं, आता यालाही नाव बदलून तेच उत्तर देऊया.

मग आकडेताई म्हणाली, "मेलेल्या लिंका शोध." म्हणजे असं, की जुन्या साइटवर 'उपयोगी पानं' म्हणून यादी असते ना, त्यातली निम्मी पानं बंद पडलेली असतात, दाबलं की काही उघडत नाही. तशी एक शोधायची, त्या विषयावर आपण नवं पान लिहायचं, आणि त्यांना कळवायचं, की तुमची अमुक लिंक बंद आहे, त्या जागी हे घ्या. त्यांचं काम होतं, आपलं काम होतं.

मी दोन आठवडे नुसती दाबत होते. लायब्रऱ्या, ट्रेनिंग सेंटरं, दाब, उघडलं, पुढं, दाब, उघडलं, पुढं. बोटाला घट्टा पडला, हे बघ. आणि एका लायब्ररीच्या यादीत शेवटून दुसरी ओळ, 'घरच्या शिलाई मशीनची निगा : बारा पायऱ्या.' दाबलं. बंद! आणि आमच्याकडे एक टूल आहे, ते सांगतं की त्या बंद पानाकडे कोण कोण बोट दाखवतंय. एकशे त्रेचाळीस साइट! एकशे त्रेचाळीस! आणि सगळ्या चांगल्या, साठ मार्क, सत्तर मार्क. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

बंद पानांच्या जुन्या नकला नेटवर सापडतात. मी तिथून ते पान काढलं, कोणा मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं लिहिलेलं, साधं, बारा पायऱ्या. आणि मी ते माझ्या शब्दांत लिहून काढलं. आता हे ऐका नीट, पुढं हेच येणार आहे. मी जन्मात शिलाई मशीनला हात लावलेला नाही. बटण तुटलं तर आईकडे देते. पण पायऱ्या होत्या ना समोर! शब्द फिरवले, वाक्यं छोटी केली, आणि आमच्या ऑफिसच्या सरांना असं गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं आवडतं म्हणून मधे मधे थोडं लाडिक घातलं. सातवी पायरी होती, सुईखालची पट्टी काढून आतला कचरा ब्रशनं साफ करायचा. मूळ पानावर होतं, 'त्याआधी पेडलवरचा पाय काढा.' मी लिहिलं, 'पेडलवरचा पाय बाजूला घ्या, बस्स, एवढं पुरे!'

बस्स, एवढं पुरे. उद्गारचिन्हासकट.

आणि मेलमध्ये मी एक ओळ वाढवली, हवा तर अख्खा लेख तुमच्याच साइटवर छापा, फुकट, फक्त खाली आमची लिंक ठेवा. तर चक्क उत्तरं यायला लागली! तीन आठवड्यांत अकरा लिंका. दोघांनी नुसती लिंक बदलली, नऊ जणांनी अख्खा लेख छापला. आकडेताईनं माझ्या नावापुढं अकरावा चौकोन रंगवला तेव्हा सर स्वतः उठून बघायला आले. सर म्हणजे काय, आपल्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील, पण बोलतात असं की जन्मतःच दमलेले. म्हणाले, "शुक्रवारी बसू आपण. आणा तुमचे कागद." एवढंच. पण आणा तुमचे कागद म्हणजे कायम करायचे कागद! मी घरी सांगून टाकलं. आईनं शेजारच्या मावशींना सांगून टाकलं.

आणि मंगळवारी फोन.

लेखाच्या खाली ऑफिसचा नंबर असतो. कोणी फोन करत नाही त्यावर, तीन महिन्यांत पहिल्यांदा वाजला. मी उचलला. एक म्हातारा आवाज, शांत अगदी. "सातवी पायरी कोणी लिहिली?"

मी म्हटलं, "मी लिहिली. आवडली का?"

हो, असं म्हटलं मी. मला वाटलं बारावी लिंक!

तर म्हणाले, "बाळ, आतला कचरा दाढीच्या जुन्या ब्रशनं काढा असं लिहिलंयस. दाढीचा ब्रश माझा आहे. दुसरं कोणी सांगत नाही तसं. म्हणजे तू माझंच पान घेतलंस. ते असू दे, त्याचं काही नाही. पण ते पान मी मुद्दाम काढून टाकलं होतं."

मी म्हटलं, "का?"

"प्लग," ते म्हणाले. "प्लग काढायचा राहिलाय त्यात."

मला पटकन कळेचना. मग त्यांनी सांगितलं. यांचं अख्खं आयुष्य मशिनी दुरुस्त करण्यात गेलं. मशीन उघडायच्या आधी यांचा डावा हात आपोआप मागं जातो आणि प्लग काढतो. चाळीस वर्षं. डोक्याला विचारतसुद्धा नाही हात. त्यामुळे पान लिहायला बसले तेव्हा डोक्यानं जेवढं सांगितलं तेवढं लिहिलं, हातानं केलेलं लिहायचं राहून गेलं. आणि सुईखालची पट्टी उघडून, बोटं आत घालून कोणी बसलं आणि पाय चुकून पेडलवर पडला तर?

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "आपल्या साइटवरचं आत्ताच्या आत्ता नीट कर." केलं, दोन मिनिटांत. 'आधी प्लग काढा', ठळक अक्षरात. "आणि बाकीचे नऊ?" मी म्हटलं. सर खुर्ची फिरवून खिडकीकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे बघ, त्यांना डिवचू नकोस. चूक आहे म्हणून मेल गेला ना, तर कोणी दुरुस्त करत बसत नाही, अख्खा लेखच उडवतात. मी बघितलंय. त्याबरोबर लिंकही जाते. निदान शुक्रवार होऊ दे."

आणि मला ते पटलं, खोटं कशाला बोलू. तीनच दिवस! मी काकांना फोन केला, एव्हाना मी त्यांना काका म्हणायला लागले होते, म्हटलं, "काका, शुक्रवारनंतर करते सगळं. नक्की." ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "बरं. मी सुरू करतो मग. तू ये शुक्रवारनंतर."

बुधवारी सकाळी आकडेताई तक्त्यासमोर उभी. "अगं, अकराचे दहा झाले. एकानं लेख काढला." आणि माझ्याकडे असं बघितलं. दहा म्हणजे बरोब्बर काठावर. अजून एक गेला की संपलं. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. ती म्हणाली, "कुठं?" मी म्हटलं, "दाताचा डॉक्टर." ती म्हणाली, "काढून टाकून ये मग दुखणारा."

आता तुम्हाला वाटेल मी मदत करायला गेले. नाही. मी काकांना थांबवायला गेले होते. दोन दिवस थांबा, हात जोडते, असं म्हणायला.

काकांची दुसऱ्या मजल्यावर एकच खोली. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर मशीनची नुसती डोकी मांडलेली, सात-आठ, खाली पाय नाहीत ना काही. बिस्किटांचे जुने डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, स्क्रू, स्प्रिंग, सुया. खिडकीत त्यांची खुर्ची आणि तारेचा फोन, आणि एक वही. मी आत गेले तर ते फोनवर होते, मला हातानंच बस म्हणाले.

पलीकडून बाईचा आवाज येत होता, मोठ्यानं, "आम्हाला काही नकोय!" आणि काका म्हणाले, "काही विकायचं नाहीये, ताई. माझी एक चूक झालीय, ती सांगायचीय." आणि पलीकडे एकदम शांत. शप्पथ सांगते, असं वाक्य कोणी ऐकलेलंच नसतं फोनवर. लोक थांबतात.

माझी एक चूक, म्हणाले ते. आणि समोर त्यांनी आमचं पान छापून ठेवलं होतं, चष्म्याच्या भिंगातून बघून बघून त्यातल्या माझ्या ओळीखाली रेघ मारलेली. बस्स, एवढं पुरे. त्यांना माहीत होतं ती ओळ कोणाची. एका शब्दानं बोलले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, मेल का नाही करत? एकदम सगळ्यांना जातील."

"केले होते मागच्या वेळी," ते म्हणाले. "मी माझं पान काढलं तेव्हा लोकांनी आधीच नकला करून लावलेल्या. एकवीस जणांनी. सगळ्यांना मेल केले. उत्तर एकाचं, तेही सुट्टीवर असल्याचं."

"बारा तारखेपर्यंत?" मी विचारलं. खरंच विचारलं. ते हसले नाहीत, त्यांना कसं कळणार!

मग म्हणाले, "फोननं आठ महिने लागले. एकवीसच्या एकवीस झाले. मग दर महिन्याच्या एक तारखेला दाढीचा ब्रश टाकून शोधतो, कुठं आलंय का. दोन वर्षं काही नव्हतं."

आणि मग मी आले. मी उकरून काढलं आणि नऊ दारांवर लावून आले.

मी तरी म्हटलं, कसं म्हटलं मला माहीत नाही, "पण काका, खरंच कोणाला लागतं का? म्हणजे एवढं... दोन दिवसांत?"

ते वही मिटून बसले. म्हणाले, "एका दुपारी फोन आला. कपडे शिवणारी बाई, ओळख नाही, पान वाचून नंबर मिळवलेला. आवाज अगदी बारीक. म्हणाली, काका, सुई बोटात आहे, आरपार, चाक कुठल्या बाजूला फिरवू? वाकून बघायला गेली होती आत, पाय सरकला. मी म्हटलं, आधी प्लग काढ. आणि हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला कळलं, की हे मी लिहिलेलंच नाही." "मग म्हटलं, आता चाक आपल्याकडे फिरव. हळू. ती फिरवत होती आणि मी इकडे ऐकत होतो."

हो, बरी आहे ती बाई. बोट वाकत नाही पूर्ण, पण शिवते. असे सुतकी चेहरे करू नका.

मी फोन ओढून घेतला. असं काही मोठं ठरवून वगैरे नाही. दमले होते मी. तीन महिने लोकांना खोटं लिहून दमले होते, नेहमी आवडीनं वाचते, नेहमी आवडीनं वाचते. म्हटलं, "पुढचा नंबर सांगा." आणि पहिल्या फोनला ट्रेनिंग सेंटरमधला माणूस खेकसला, "काय विकताय?" तर माझ्या तोंडून आलं, "काही नाही, दादा. माझी एक चूक झालीय. सातवी पायरी मी चुकीची लिहिलीय." काकांनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत त्या नंबरापुढं तारीख घातली.

दोन दिवस लागले. गुरुवारचीसुद्धा अर्धी सुट्टी. दर फोनला आधी कोणी भलताच उचलतो, तो म्हणतो साहेब जेवायला गेलेत, साहेब जेवून आले की ते म्हणतात साइट बघणारा वेगळा आहे, तो वेगळा म्हणतो पासवर्ड जुन्या माणसाकडे आहे. एकीकडे तर चाळीस मिनिटं फोनवर वाट बघत बसले, काका मधे दोनदा चहा करून आले. सर म्हणाले होते तसंच झालं. राहिलेल्या आठांतल्या तिघांनी ओळ दुरुस्त केली. चौघांनी अख्खा लेखच उडवला, एकानं तर मी फोनवर असतानाच. "घ्या, काढला," म्हणाला. मी म्हटलं, "आभारी आहे." खरंच म्हटलं मी ते!

शुक्रवारी तक्त्यावर सहा. आकडेताईनं रंगवलेले चौकोन खोडून काढता येत नाहीत, म्हणून तिनं त्यावर पांढरे कागद चिकटवले होते. अगदी नीट, कडेला कडा जुळवून.

सरांनी कागद आणलेच नव्हते. म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो, सर." म्हणाले, "दहा होते. दोन दिवस नुसतं बसायचं होतं." मी म्हटलं, "हो, सर." मग बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-घालत होते. शेवटी म्हणाले, "अजून तीन महिने देतो. पहिल्यापासून मोजायचं. हे सहा धरायचे नाहीत." मी दारापर्यंत गेले तर सर मागून म्हणाले, "माझी आई शिवते." बस, एवढंच.

म्हणजे कायम नाही केलं. झालं? मिळालं उत्तर? आईला सांगितलंय. शेजारच्या मावशींना अजून सांगितलेलं नाही, त्या अभिनंदन करतात आणि मी थँक्यू म्हणते. सोमवारी परत बसायचं, नाव बदल, पाठव. फक्त ते वाक्य मी काढून टाकलंय. आता लिहिते, 'मी तुमचं पान आज पहिल्यांदा वाचलं.' काय होतंय बघू. बहुतेक काहीच नाही.

पण नऊ पुरे झाले कुठं? तू मोजत होतीस ना? एक काकांनी आधीच केला, तीन, चार, आठ झाले. एक राहिलाय. शिवणकामाचा क्लास आहे कुठला तरी, पासष्ट मार्क, शिकणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम लेख छापलाय त्यांनी. शिकणाऱ्या मुली, कळतंय ना? बुधवारपासून फोन वाजतो आणि वाजत राहतो. काल रात्री मी झोपेतसुद्धा तो ऐकत होते. आणि सकाळी काकांचा फोन, "बाळ, आपण सगळे ऑफिसचे दिवस लावतोय. क्लास शनिवारचा असला तर? दुपारी तीनला लाव. मी लावला असता, पण आज माझा आवाज बसलाय." आणि खरंच बसला होता आवाज. बोलून बोलून.

किती वाजले? बघा, मी म्हटलं होतं ना हलवा म्हणून! तीन वाजून चार मिनिटं! सरका, सरका, तो कप घ्या तिकडे, नंबर कुठं लिहिलाय... हां. गप्प बसा जरा सगळे.

वाजतोय.

हो, मला माहितीये, उचलला तर ही पण लिंक जाईल, सहाचे पाच होतील. तसेही ते धरणार नाहीयेत ना. गप्प.

अजून वाजतोय. दहा झाल्या रिंगा. असाच वाजतो रोज, पंचवीसनंतर आपोआप बंद हो...

हॅलो? हॅलो! नाही नाही, ठेवू नका, ताई, काही विकायचं नाहीये. माझी एक चूक झालीय. मागं मशिनींचा आवाज येतोय, क्लास चालू आहे का? मग आधी सगळ्यांना प्लग काढायला सांगता? हो, आत्ता. मी थांबते.